पौरुषसंप्रेरकांची दुहेरी नाकेबंदी

गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याची मस्ती उतरते आणि तो मुकाट्याने जुवाला खांदा देतो, हे दख्खनच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणि जनान्याच्या पहाऱ्यावर खोजे नेमणाऱ्या दिल्ली, इस्तंबूल व पेकिंग येथील दरबारांनाही या क्रियेचे बाह्य परिणाम चांगलेच परिचित होते. परंतु याच क्रियेने देहाच्या आत, मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेल्या त्या लहानशा ग्रंथीचे, म्हणजे जिला आज घरोघर प्रोस्टेट म्हणतात त्या पुरःस्थ ग्रंथीचे, काय होते याची रीतसर नोंद करण्याचे श्रेय लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांना द्यावे लागते. १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवले की, वळूमध्ये ही ग्रंथी मोठी व रसरशीत असते, खच्ची केलेल्या जनावरात ती आक्रसलेली व जवळजवळ कोरडी आढळते, आणि चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या मोल नामक प्राण्यात तर ती हिवाळ्यात दिसेनाशी होऊन वसंतात पुन्हा भरते. ग्रंथीचे भरणपोषण वृषणांच्या हुकमतीखाली चालते, हा याचा सरळ अर्थ होता. तो अर्थ उपयोगात आणण्यास मात्र दीडशे वर्षे लागली.

मध्यंतरी एक प्रयत्न झाला, पण तो चुकीच्या रोगावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फिलाडेल्फियाचे शल्यविशारद जे. विल्यम व्हाइट यांनी वृद्धापकाळी वाढलेल्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, प्रोस्टेटवर वृषणच्छेदनाचा इलाज सुचवला आणि १८९५ साली अशा १११ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. लाभ पुष्कळांना झाला असे त्यांचे म्हणणे होते. पण शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांची संख्याही उपेक्षणीय नव्हती, आणि लवकरच ती वाढलेली ग्रंथीच पोटातून काढून टाकण्याची रीत लंडनमध्ये रूढ झाली. ही रीत प्रचारात आणणारे पीटर फ्रेयर हे हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये सुमारे वीस वर्षे चाकरी करून विलायतेस परतलेले गृहस्थ होते, एवढा दाखला जाता जाता नोंदवून ठेवतो. फ्रेयर यांच्या यशापुढे व्हाइट यांचा इलाज मागे पडला आणि हंटर यांचे निरीक्षण पुन्हा दप्तरात जाऊन पडले.

ते बाहेर काढले शिकागो विद्यापीठातील चार्ल्स ब्रेंटन हगिन्स यांनी. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे १९०१ साली जन्मलेले हे गृहस्थ १९२७ मध्ये शिकागोस आले, आणि मूत्ररोगांचा विभाग त्यांच्या स्वाधीन करण्यात आला तेव्हा त्या विषयाचे त्यांचे खास असे शिक्षण झालेले नव्हते. कदाचित त्यामुळेच त्या शाखेचे रूढ शिरस्ते त्यांच्या वाटेत आडवे आले नाहीत. त्यांना कर्करोगाशी प्रथम काही कर्तव्यही नव्हते. प्रोस्टेटमधून जो स्राव निघतो तो किती, कसा आणि कशाच्या योगाने निघतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि त्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर अशी शस्त्रक्रिया बसवली की मूत्राचा मार्ग वेगळा वळवून प्रोस्टेटचा शुद्ध स्राव तेवढा गोळा व्हावा व दिवसेंदिवस मोजता यावा. कुत्रा खच्ची केला की स्राव आटे; टेस्टोस्टेरॉन हे पौरुषसंप्रेरक टोचले की पुन्हा सुरू होई; स्त्रैण संप्रेरक दिले की परत मंदावे. हंटर यांनी जे प्रेतांच्या विच्छेदनात पाहिले होते ते येथे जिवंत प्राण्याच्या देहात, मापाच्या नळीत थेंबाथेंबाने उतरत होते.

या मोजणीत एक विघ्न वारंवार येई. माणसाप्रमाणे कुत्र्यालाही म्हातारपणी प्रोस्टेटची गाठ होते, आणि असा कुत्रा हाती लागला की सारा हिशेब बिघडे. हगिन्स यांचा वैताग होणे स्वाभाविक होते. पण गाठ असलेल्या कुत्र्याचे वृषण काढले असता ती गाठही झपाट्याने आक्रसते असे दिसून येताच त्यांनी उलट अशीच जनावरे मुद्दाम शोधून आणण्याचा सपाटा लावला. संशोधकाची पारख अशा जागी होते, असे मला वाटते. विघ्नाला विघ्न म्हणून बाजूस सारणारे शेकडो असतात, त्याचीच चौकशी लावणारा विरळा.

रोग्यावर हा प्रयोग करावयाचा तर त्याचा परिणाम मोजण्याचे साधन हवे होते, आणि दैवयोगाने तेही नुकतेच सिद्ध झालेले होते. प्रोस्टेटमध्ये आम्ल फॉस्फटेज नावाचे विकर विपुल असते आणि कर्करोग हाडांत पसरला म्हणजे ते रक्तात वाढते, हे न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर व एथेल गटमन या दांपत्याच्या व इतरांच्या कामामुळे १९३५ ते १९३८ या अवधीत स्पष्ट झाले होते. हगिन्स आणि त्यांचे तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले की, हाडांपर्यंत रोग गेलेल्या माणसाचे वृषण काढले किंवा त्यास स्त्रैण संप्रेरक टोचले तर रक्तातील हे विकर उतरते, आणि पौरुषसंप्रेरक टोचले तर चढते. त्याच वर्षी २१ रोग्यांवरील वृषणच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अंथरुणाला खिळलेली, कण्याच्या ठणक्याने रात्ररात्र विव्हळणारी माणसे शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत वेदनामुक्त होऊन उठून बसली, जेवू लागली, वजन कमावू लागली. देहभर पसरलेला कर्करोग केवळ संप्रेरकांत फेरफार करून मागे हटवता येतो, ही गोष्ट वैद्यकाला सर्वस्वी नवी होती. हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पुष्कळ उशिरा, १९६६ साली, पेटन राउस यांच्या बरोबरीने.

शस्त्राला पर्याय म्हणून एक स्वस्त गोळीही त्या वेळी हाती आली होती. लंडनचे चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ साली स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रैण संप्रेरक तयार केले होते आणि त्यावर कोणाचा एकाधिकार नसल्यामुळे ते कोणीही बनवावे व विकावे अशी मोकळीक होती. पुढची पंचवीस वर्षे ही गोळी डोळे मिटून दिली गेली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन रोग्यांचे गट पाडून रीतसर तुलना केली तेव्हा, १९६७ च्या सुमारास, असे उघडकीस आले की रोज ५ मिलिग्रॅमच्या मात्रेने कर्करोगाचे मृत्यू कमी होतात खरे, पण हृदयविकाराचे व रक्ताच्या गुठळ्यांचे मृत्यू तेवढेच वाढतात. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात होते, आणि मोजदाद होईपर्यंत कोणाच्या ते ध्यानीही आले नव्हते.

याहून मोठी निराशा वेगळीच होती. वृषण काढल्यावर जो आराम पडे तो टिकत नसे. वर्षा-दोन वर्षांत रोग पुन्हा डोके वर काढी. हगिन्स यांना संशय आला तो मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा. किल्ल्याचा महादरवाजा रोखला तरी चोरदिंडीने आत रसद जात राहावी, तशी या ग्रंथींची सौम्य पौरुषसंप्रेरके कर्कपेशींचे पोषण करीत असावीत असा त्यांचा तर्क होता, आणि तो आज आपल्याला अचूक ठरलेला दिसतो. १९४५ साली हगिन्स व विल्यम स्कॉट यांनी चार रोग्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. धाडस अचाट होते. परंतु या ग्रंथींवाचून मनुष्य जगत नाही, आणि त्यांची उणीव भरून काढणारे कॉर्टिसोन तेव्हा उपलब्ध नव्हते. ते आल्यावर १९५० नंतर ही शस्त्रक्रिया पुन्हा करून पाहण्यात आली, तेव्हा माणसे जगली, पण प्रोस्टेटच्या रोग्यांना लाभ बेताचाच झाला. दुहेरी नाकेबंदीची मूळ कल्पना ही अशी हगिन्स यांचीच. कमी पडली ती हत्यारे.

हत्यारे आली ती दोन निराळ्या दिशांनी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून एक सूक्ष्म संदेश पीयूष ग्रंथीस जातो व तिच्याकडून वृषणांना हुकूम सुटतो, ही श्रेणी विद्वानांना माहीत होती. त्या संदेशवाहक द्रव्याची दहा दुव्यांची रचना अँड्र्यू शॅली यांच्या मंडळींनी १९७१ साली उलगडली. डुकरांच्या लाखाहून अधिक मेंदूंतील तेवढाच कण काढून, दळून, गाळून ते साधले. दुसरीकडे रॉजर गिलमिन मेंढ्यांच्या मेंदूंवर हाच उद्योग चुरशीने करीत होते, आणि १९७७ च्या नोबेल पारितोषिकात दोघेही वाटेकरी झाले. या द्रव्याच्या अधिक प्रबळ प्रतिकृती बनवल्या तेव्हा अपेक्षा अशी होती की त्यांनी वृषण अधिक जोमाने काम करू लागावेत. घडले उलटेच. मूळ संदेश थांबून थांबून येतो. प्रतिकृतीचा मारा अखंड चालू ठेवला तर पीयूष ग्रंथी प्रथम खवळते आणि मग जी गप्प होते ती उठतच नाही. शस्त्र न लावता वृषणच्छेदनाचे फळ मिळाले. शॅली व मॉन्ट्रियलचे जॉर्ज टोलिस यांनी १९८२ साली प्रोस्टेटच्या रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला, आणि १९८५ मध्ये ल्युप्रोलाइड या इंजेक्शनास अमेरिकेत मंजुरी मिळाली.

दुसरे हत्यार फ्लुटामाइड. हे संप्रेरकाचे उत्पादन थांबवीत नाही. पेशीतील ज्या ग्राहीवर संप्रेरकाने बसावयाचे ती जागाच अडवून धरते. मग ते संप्रेरक वृषणांचे असो की अधिवृक्कांचे, त्याची डाळ शिजू नये, असा बेत.

या दोहोंची सांगड घालणारे पुरुष म्हणजे क्वेबेक शहरातील लावाल विद्यापीठाचे फर्नांड लाब्री. त्यांचे प्रतिपादन मुळात हगिन्स यांचेच होते, पण रसायनशास्त्राच्या आधाराने पुष्कळ पुढे नेलेले. वृषण काढल्यावर रक्तातील टेस्टोस्टेरॉन नव्वद टक्क्यांहून अधिक घटते हे खरे. परंतु अधिवृक्क ग्रंथी जे निरुपद्रवी दिसणारे पूर्वद्रव्य रक्तात सोडतात त्याचे प्रोस्टेटच्या पेशी आपल्या घरातच प्रबळ संप्रेरकात रूपांतर करतात, म्हणून रक्ताची तपासणी करून समाधान मानणारा वैद्य फसतो, असे ते बजावून सांगत. १९८२ साली त्यांनी इंजेक्शन व ग्राहीरोधक औषध एकदमच देण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा एक लाभ तर वादातीत होता : इंजेक्शनाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत संप्रेरक उतरण्यापूर्वी जे उसळते, आणि ज्यामुळे हाडांचा ठणका वाढतो, क्वचित कण्यात मज्जारज्जू दबून पाय लुळे पडतात, ती उसळी या दुसऱ्या औषधाने निकामी होते.

लाब्री येथे थांबले असते तर पुढची कटुता टळली असती. पण जवळजवळ सर्वच रोग्यांना गुण येतो आणि आयुष्यात विलक्षण वाढ होते, असे आकडे त्यांनी मांडले. आणि ते मांडताना आपल्या रोग्यांची तुलना त्याच काळी त्याच रीतीने निवडलेल्या दुसऱ्या गटाशी न करता इतरांच्या जुन्या वृत्तांतांशी केली. जुन्या वृत्तांतांतील रोगी अधिक खंगलेले असू शकतात, हे सांगण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. स्टिलबेस्ट्रॉलच्या अनुभवाने शहाणे झालेले अमेरिकन वैद्य रुजुवात झाल्यावाचून हा दावा दाखल करून घेण्यास तयार नव्हते, आणि ते त्यांचे योग्यच होते.

रुजुवात झाली ती मात्र सरळ मार्गाने झाली नाही. डेव्हिड क्रॉफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०३ रोग्यांचे दोन गट केले. एकास ल्युप्रोलाइड व फ्लुटामाइड, दुसऱ्यास ल्युप्रोलाइड व निव्वळ फसवी गोळी. १९८९ साली निकाल लागला : मध्यम आयुर्मर्यादा पहिल्या गटात ३५.६ महिने, दुसऱ्यात २८.३ महिने. सात महिन्यांचा हा फरक ऐकून उत्साहाची लाट उसळली आणि फ्लुटामाइडला त्याच वर्षी मंजुरी मिळाली. तथापि चिकित्सक वाचकांनी एका तपशिलावर बोट ठेवले. त्या काळी ल्युप्रोलाइड महिन्यातून एकदा टोचण्याचे नव्हते. रोग्याने रोज स्वतःच्या हाताने कातडीखाली टोचून घ्यावयाचे होते. एखाद्याने चार दिवस चुकवले तर संप्रेरक पुन्हा वर येणार, आणि पहिल्या पंधरवड्यातील उसळी तर फसव्या गोळीच्या गटाने संपूर्ण सोसलेली. मग सात महिने मिळाले ते चोरदिंडी बंद केल्यामुळे, की महादरवाजा पुरता लागला नव्हता त्याची भरपाई झाल्यामुळे?

हा संशय फेडण्याची युक्ती सोपी होती. दोन्ही गटांतील सर्वांचे वृषण काढून टाकावेत, म्हणजे उसळीही नाही आणि चुकलेले इंजेक्शनही नाही. मग एकास फ्लुटामाइड द्यावे, दुसऱ्यास नाही. १,३८७ रोग्यांवर हा प्रयोग झाला आणि मारिओ आयझेनबर्गर यांनी १९९८ साली त्याचा फैसला जाहीर केला : ३३.५ महिने विरुद्ध २९.९ महिने, म्हणजे निश्चयाने सांगता येण्याजोगा फरक नाही. अतिसार व रक्तक्षय मात्र फ्लुटामाइडच्या पदरी अधिक. पुढे २००० साली ऑक्सफर्डहून जगभरच्या २७ प्रयोगांतील ८,२७५ रोग्यांची एकत्रित बेरीज प्रसिद्ध झाली, तेव्हा पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दुहेरी उपचारात २५.४ टक्के व एकेरीत २३.६ टक्के निघाले. फ्लुटामाइड-निलुटामाइड वर्गाची औषधे तेवढीच धरली तर लाभ सुमारे तीन टक्के, आणि सायप्रोटेरोन हे जर्मन औषध धरले तर उलट तोटा. लाब्री यांच्या विलक्षण दाव्यातून एवढी शिल्लक उरली.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट १९९३ साली न्यूयॉर्कच्या केली व शेर यांनी नोंदवली होती. फ्लुटामाइडला दाद देईनासे झालेल्या काही रोग्यांचे हे औषध बंद करताच रोगाचे मापन उतरले. कर्कपेशींतील ग्राहीचे रूप कालांतराने असे पालटते की ती अडवणाऱ्यालाच धनी समजून त्याचे हुकूम पाळू लागते. पहारेकरी फितूर झाला होता.

औषधाच्या इतिहासात पैशाचा अध्याय टाळणे म्हणजे अर्धी कैफियत लिहिणे होय. वृषणच्छेदन ही अर्ध्या-पाऊण तासाची, एकदाच करावयाची शस्त्रक्रिया. इंजेक्शन जन्मभर व महाग. पुरुषाच्या मनाची घडण पाहता निवड बहुधा इंजेक्शनाची व्हावी हे समजण्यासारखे आहे, आणि तीत हसण्यासारखे काही नाही. परंतु अमेरिकेत वैद्यांनाही या इंजेक्शनांवर घसघशीत नफा सुटे, आणि ल्युप्रोलाइड विकणाऱ्या टॅप या कंपनीस विक्री व किमतीतील गैरव्यवहारांच्या आरोपांवरून २००१ साली सरकारशी ८७.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. पुढे २००३ च्या कायद्याने सरकारी विम्याचा मोबदला घटला, तेव्हा ज्यांना या इंजेक्शनाची फारशी गरज नव्हती अशा रोग्यांत त्याचा वापर लक्षणीय उतरला. यावर भाष्याची आवश्यकता नाही.

येथवरचा वृत्तांत वाचून दुहेरी नाकेबंदीची कल्पनाच खोटी होती असा समज होईल, पण तसे नाही. चार्ल्स सॉयर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हट्टी झालेला रोग संप्रेरकावाचून जगत नसतो; तो ग्राहींची संख्या वाढवून उरलेसुरले थेंब टिपत असतो. त्यावरून मायकेल जुंग या रसायनज्ञांबरोबर त्यांनी ग्राहीस अधिक घट्ट धरणारे एन्झालुटामाइड घडवले, ज्यास २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधी लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत अबिराटेरोन तयार झाले होते. ते वृषण, अधिवृक्क आणि खुद्द गाठ या तिन्ही ठिकाणी संप्रेरकाची घडणच बंद पाडते, आणि त्याच्यासोबत कॉर्टिसोनच्याच जातीची एक गोळी द्यावी लागते. हगिन्स यांनी १९४५ साली सुरीने जे करू पाहिले तेच हे. ही औषधे प्रथम हरलेल्या डावात वापरली गेली. मग डावाच्या आरंभीच द्यावीत असे ठरले. २०१७ साली अबिराटेरोनच्या दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल एकदमच आले : १,१९९ रोग्यांच्या एकात मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी उतरला, १,९१७ रोग्यांच्या दुसऱ्यात ३७ टक्क्यांनी. २०१९ च्या एन्झालुटामाइडच्या प्रयोगात तर तुलनेच्या गटाला जुन्या वर्गातील ग्राहीरोधक दिलेले होते, म्हणजे ती जुन्या व नव्या नाकेबंदीची समोरासमोर झुंज होती. तीन वर्षांअखेर नव्या गटात ८० टक्के व जुन्यात ७२ टक्के हयात होते.

तेव्हा लाब्री यांना न्याय द्यावयाचा तर असा द्यावा लागेल की चोरदिंडी कोठे आहे हे त्यांनी बरोबर सांगितले, ती बंद झाल्याची द्वाही मात्र वेळेआधी फिरवली. २०१९ च्या जानेवारीत ते वारले, तेव्हा त्यांचा तर्क प्रस्थापित मत झालेला होता.

आपल्याकडच्या वाचकाला यातून उपयोगी पडेल असे दोन शब्द लिहून पुरे करतो. वृषणच्छेदन ही गरिबावर लादलेली कनिष्ठ चिकित्सा आहे असा समज आपल्या शहरी घरांतून आढळतो. तो निराधार आहे. महादरवाजा बंद करण्याचे काम ती इंजेक्शनाइतकेच, आणि काही तासांत, पार पाडते. मग वाचलेला पैसा दुसऱ्या औषधाकडे वळवता येतो, आणि अबिराटेरोन आज भारतीय कंपन्यांचेही मिळते. हगिन्स यांच्याच शिकागोतून २०१८ मध्ये ७२ रोग्यांवरील एक लहानसा प्रयोग असाही प्रसिद्ध झाला आहे की, हे औषध जेवणासोबत घेतल्यास चौथाई मात्रेनेही रोगाचे मापन उपाशीपोटी घेतलेल्या पूर्ण मात्रेइतकेच उतरते. हे आपल्या अधिकारात करून पाहण्याचे नव्हे. पण ज्याच्या घरी हा प्रसंग आला असेल त्याने लाजेने वा खर्चाच्या धाकाने गप्प न बसता, शस्त्रक्रिया का नको आणि मात्रा किती, हे दोन प्रश्न आपल्या वैद्यांना स्पष्ट विचारावेत.